वेशीवरचं नाव: मारुती, हणमंत आणि त्यांचे भाऊबंद

सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही गावात साठीच्या पुढच्या पुरुषांची नावं काढायला बसलं, तर मारुती आणि हणमंत ही दोन नावं आळीआळीला भेटतात. मराठ्यांत, माळ्यांत, धनगरांत, रामोशांत, कुंभारांत, सुतारांत. घर कुठलंही असो. खंडेराव म्हटलं की पालीच्या खंडोबाचं कुळ आठवतं, जोतीराम म्हटलं की वाडी रत्नागिरीचा जोतिबाचा डोंगर. मारुती या नावावरून मात्र घराण्याचा काहीच पत्ता लागत नाही. माझ्या मते या नावाची खरी ओळख इथेच आहे. बाकीच्या देवांची नावं बहुतेक कुळातून आली, हे नाव वेशीतून आलं.

नावाचं मूळ संस्कृतात आहे. मरुत् म्हणजे वारा. दशरथाचा मुलगा दाशरथि, द्रोणाचा द्रौणि, तसा मरुताचा मारुति. म्हणजे मुळात हे बापावरून पडलेलं नाव. वेदांत मरुत हे वादळाचे देव, रुद्राचे पुत्र. पुढे हनुमंताला अकरावा रुद्र मानण्याची परंपरा आली. समर्थ रामदासांच्या मारुतीस्तोत्रात ‘भीमरूपी’ला लागूनच ‘महारुद्रा’ येतं, ते त्याच धाग्यातलं.

हनुमान हे दुसरं नाव शरीरावरून पडलेलं. हनु म्हणजे हनुवटी, जबडा. उगवता सूर्य फळ समजून बाळाने झेप घेतली, इंद्राने वज्र मारलं आणि डावी हनु मोडली, असं वाल्मीकी रामायणात येतं. हनुमत् चं मराठीत हनुमंत झालं, जसं बुद्धिमत् चं बुद्धिमंत. लोकांच्या तोंडी त्याचं हणमंत झालं. दोन स्वरांमधल्या एकट्या ‘न’चा ‘ण’ होणं ही प्राकृतातून आलेली मराठीची जुनी चाल आहे. पानीयाचं पाणी आणि स्थानाचं ठाणं त्याच वाटेने आलं. तेव्हा हणमंत हे अडाणीपणाचं रूप नव्हे. ते अस्सल मराठी रूप आहे आणि कडेगाव तालुक्यातल्या हणमंतवडिये गावाने ते आपल्या नावात जपलं आहे.

आता वेशीकडे. मारुती हा गावाचा राखणदार. देऊळ वेशीपाशी किंवा चावडीशेजारी, समोर पार, पारावर पिंपळ नाहीतर वड. लग्नाच्या दिवशी नवरदेवाचा परण्या वाजतगाजत याच देवळात येतो आणि मारुतीच्या पाया पडून मग मांडवाकडे निघतो. शनिवारी रुईच्या पानांची माळ, तेल, शेंदूर, नारळ. चैत्री पौर्णिमेला पहाटेचं जन्मकाळाचं कीर्तन आणि सूर्य उगवताना सुंठवडा. ही सगळी कामं अख्ख्या गावाची. त्या दिवशी किंवा शनिवारी मुलगा झाला की नाव शोधायला लांब जावं लागत नसे.

या भागात ही भक्ती घट्ट बसली ती सतराव्या शतकात. समर्थांनी स्थापलेले अकरा मारुती सगळे कृष्णा-वारणेच्या टापूत आहेत. पहिला शहापूरचा, शके १५६६, म्हणजे इ.स. १६४४ चा, शेवटचा शिराळ्याचा, शके १५७६ चा, अशी परंपरागत नोंद. अकरांपैकी सात आजच्या सातारा जिल्ह्यात: शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी आणि चाफळचे दोन. बहे आणि शिराळा सांगलीत, मनपाडळे आणि पारगाव कोल्हापुरात. चाफळला एक दासमारुती रामासमोर हात जोडून उभा, दुसरा प्रतापमारुती देवळामागे. बह्याला कृष्णेच्या पात्रातल्या बेटावरचा मारुती दोन्ही हात पसरून नदीचा लोंढा अडवतोय असं लोक सांगतात. ती मूर्ती एकदा पाहिली की पुराच्या काठावर राहणाऱ्या माणसाने पोराला मारुती का म्हणावं, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. या अकरांची यादी अभंगात गुंफून ठेवली ती समर्थशिष्या वेणाबाईंनी. त्यांचा मठ मिरजेत आहे.

पण समर्थांच्या आधी इथे मारुती नव्हता असं नाही. माजगावची हकीकतच पाहा. तिथे वेशीवरच्या एका धोंड्यालाच लोक मारुती मानत होते, आणि समर्थांनी त्याच धोंड्यावर मूर्ती कोरवून घेतली. दक्षिणेकडूनही ओघ होताच. विजयनगरच्या काळात माध्व संप्रदायाचे आचार्य व्यासतीर्थ यांनी ७३२ मारुती स्थापल्याचं परंपरा सांगते. त्या मुलखात हनुमंतप्पा, हनुमप्पा ही नावं आजही घरोघरची, आणि जत तालुक्याच्या कानडी बोलणाऱ्या गावांत ती आपल्या हद्दीतही येतात. आणखी खाली आंध्रात आंजनेयुलु होतं, ते अंजनीवरून. उलट दिशेने मराठवाडा-विदर्भात गेलं की आपल्या मारुतीचा मारोती होतो, मारोतराव होतो.

समर्थांच्या स्तोत्राचा पहिलाच श्लोक म्हणजे नावांची माळ आहे: वज्रहनुमान, मारुती, अंजनीसुत, रामदूत, प्रभंजन. त्यातली सगळी काही पाळण्यात आली नाहीत. रामदूत नावाचा माणूस माझ्या पाहण्यात नाही. बलभीम आणि बजरंग मात्र चांगले रुजले. बजरंग म्हणजे वज्रांग, ज्याचं अंग वज्राचं. ते उत्तरेच्या बोलीतून आलं आणि तालमींच्या पाट्यांवर स्थिरावलं. उत्तरेत मारुतीला महावीरही म्हणतात. सांगलीत महावीर भेटला तर तो बहुधा जैन घरातला, तीर्थंकरांवरून नाव ठेवलेला.

भीमराव, भिवा ही नावं महाभारतातल्या भीमाची. पण भीमही वायुपुत्रच, म्हणजे मारुतीचा धाकटा भाऊ, त्यामुळे गावाने दोघांना फार वेगळं मानलं नाही. घरातलं नाव आणि मोठेपणीचं नाव किती वेगळं असू शकतं, याचा मोठा दाखला साताऱ्यातच आहे. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी इथल्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झालं ते ‘भिवा’ असं. रजिस्टरमधलं ते नाव पाहताना अंगावर काटा येतो.

एकाच देवाची दोन नावं बारशाला सोयीची पडली, तेही सांगायला हवं. पंचांगात ‘मा’ हे मघा नक्षत्राच्या पहिल्या चरणाचं अक्षर, रास सिंह. ‘हा’ हे पुनर्वसूच्या तिसऱ्या चरणाचं, रास मिथुन. ‘ब’ निघाला तर बलभीम, बजरंग आहेतच. शिवाय आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत, त्यामुळे ही नावं एकाच घरात एक पिढी सोडून परत यायची. आणि मग सुनांची पंचाईत. आमच्या आजीचे सासरे मारुती. तिने सासऱ्याचं नाव जन्मभर घेतलं नाही. देवळात निघाली की ‘बलभीमाला जाऊन येते’ म्हणायची, आणि आरतीत मारुती हा शब्द आला की ओठ मिटून घ्यायची.

हाक मारताना नाव आणखी बदलतं. मारुतीचा मारत्या, मारुतीतात्या, मारुतीअण्णा. हणमंताचा हणम्या, हणमा; वय आणि जमीन वाढली की हणमंतराव. तालमीत मात्र कुणी छोटं करत नाही. शड्डू ठोकून आत उतरायच्या आधी ज्याच्या तसबिरीला नमस्कार करायचा, त्याचंच नाव. कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती माने यांनी १९६२ साली जकार्त्याच्या आशियाई स्पर्धेत पदकं आणली, आणि सांगलीच्या लाल मातीत या नावाचं वजन वाढलं.

आताच्या अंगणवाडीच्या हजेरीपटावर मारुती क्वचित सापडतो. त्याच्या जागी रुद्र, आंजनेय, पवन आले. देव तोच आहे, त्यामुळे मला याचं फार दुःख नाही. दुःख आहे ते हणमंताचं. सातबाऱ्यावर हणमंत, आधारवर हनुमंत, बँकेच्या पासबुकावर तिसरंच काही. मग वारसनोंदीच्या वेळी दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करा, नाहीतर राजपत्रात नाव बदलून घ्या. अशा वेळी पुष्कळ मुलं वडिलांचं नाव ‘दुरुस्त’ म्हणून हनुमंत करून टाकतात. तसं करू नये. दाखल्यावर जुनं रूप असेल तर बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्यावेत. हणमंत हे नाव बरोबरच आहे.