बाराबंदीचा पांढरा आणि फिल्म-डिजिटलचा वाद

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक टिपणाऱ्या छायाचित्रकारांमध्ये एक वाद ठरलेला असतो. फिल्मवर हात बसलेले ज्येष्ठ म्हणतात की डिजिटलमध्ये मानकऱ्यांच्या बाराबंदीचा (बंदांनी बांधायच्या पारंपरिक अंगरख्याचा) पांढरा ‘उडतो’ आणि चुण्या दिसतच नाहीत. त्यावर तरुण विचारतात की रोल धुऊन येईपर्यंत यात्रा थांबणार आहे का. हा प्रश्न सोयीचा आहे, आक्षेप मात्र भौतिकशास्त्राचा आहे आणि तो तपासून पाहण्याजोगा आहे.

फिल्मवर जिलेटिनच्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. प्रकाश पडला की स्फटिकात चांदीचे अणू तयार होतात आणि असे साधारण चार अणू एकत्र आले की डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्म धुण्याच्या रसायनात, तो अख्खा स्फटिक काळा पडतो. मोठ्या स्फटिकांना थोडा प्रकाश पुरतो, बारीक स्फटिकांना जास्त लागतो. त्यामुळे प्रकाश वाढत जातो तसे काळे पडायचे स्फटिक कमी कमी उरतात आणि निगेटिव्हची घनता, म्हणजे काळेपणा, वाढणे हळूहळू मंदावते, एकदम थांबत नाही. हर्टर आणि ड्रिफिल्ड या संशोधकांनी १८९० मध्ये हा संबंध आलेखावर मांडला; त्या रेषेच्या आडव्या होत जाणाऱ्या वरच्या भागाला ‘खांदा’ म्हणतात. जानेवारीच्या उन्हात तळपणारी बाराबंदी या खांद्यावर येते, म्हणून तिच्या चुण्या फिक्या का होईना, टिकतात. अर्थात हा उदारपणा निगेटिव्हचा. थेट सुलट चित्र देणाऱ्या स्लाइड फिल्मवर तोच पांढरा डिजिटलइतकाच चटकन उडतो, हे फिल्मचे कैवारी सहसा सांगत नाहीत.

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी असलेल्या सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल घागरीसारखा असतो. प्रकाशाच्या प्रमाणात त्यात इलेक्ट्रॉन साठतात, दुप्पट प्रकाशाला दुप्पट. घागर काठोकाठ भरली की पुढचा प्रकाश मोजलाच जात नाही आणि चुणीची उजळ व सावलीची बाजू सारखीच पांढरी होते. ही माहिती नोंदलेलीच नसल्याने संगणकावर ती परत आणता येत नाही. सावलीत मात्र पारडे फिरते. फिल्मच्या स्फटिकातला चांदीचा एकटा अणू अस्थिर असतो आणि दुसरा फोटॉन (प्रकाशकण) लवकर आला नाही तर विघटित होतो, त्यामुळे अंधुक भागातला बराच प्रकाश वाया जातो; सेन्सर तो जपून ठेवतो. म्हणूनच निगेटिव्हवर सावली पाहून एक्सपोजर (किती प्रकाश घ्यायचा ते) ठरवायचे आणि डिजिटलवर उजेड पाहून. बाराबंदीसाठी डिजिटलचे एक्सपोजर एक-दीड स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) कमी ठेवून रॉ फाइलमधली, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीतली, सावली नंतर उचलली, तर ज्येष्ठांच्या तक्रारीतला बराचसा दम निघून जातो.

रात्री होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाच्या उजेडात उभी गर्दी टिपायची असेल, तर माझ्या मते वादच उरत नाही. शंभर फोटॉनांपैकी फिल्मवर जेमतेम दोन-चार कामी येतात. आजच्या सेन्सरवर निम्म्याहून अधिक. खगोलशास्त्रज्ञांनी हा निवाडा कधीच केला आहे: १९६९ मध्ये बॉइल आणि स्मिथ यांनी बेल प्रयोगशाळेत शोधलेली सीसीडी ही प्रकाश टिपणारी चिप वेधशाळांत रुळली आणि फोटोग्राफिक प्लेटा मागे पडल्या.

फिल्मची खरी सरशी सोलापुरी चादरीसमोर दिसते. सेन्सरवरचे पिक्सेल आखीव जाळीत बसलेले असतात आणि चादरीचे ताणे-बाणेही आखीव. दोन्ही जाळ्या जवळजवळ एकाच मापाच्या झाल्या की कापडावर नसलेले लाटांसारखे पट्टे चित्रात उमटतात. त्यात प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो, म्हणून या पट्ट्यांना खोटे रंगही चढतात. फिल्मचे कण अस्ताव्यस्त असल्याने त्यांची कापडाशी अशी सांगड बसत नाही. डिजिटलवाल्याने कॅमेरा थोडा मागे घेतला किंवा कोन बदलला तर पट्टे बहुधा जातात. नंतर ते पुसणे जिकिरीचे असते.

मात्र आज निगेटिव्हही बहुतेक वेळा स्कॅन करूनच पाहिली जाते आणि स्कॅनरमध्ये पुन्हा सेन्सरच असतो. मोबाइलच्या पडद्यावर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन चित्रांत फिल्मचा गुण किती आणि स्कॅन करणाऱ्याने रंग बसवताना केलेली निवड किती, हे वेगळे काढता येत नाही. त्यासाठी तीच निगेटिव्ह डार्करूममध्ये एन्लार्जरखाली (निगेटिव्ह मोठी करून छापणाऱ्या यंत्राखाली) कागदावर छापून पाहावी लागते.