अॅटमॉस्फिअर, बार आणि ‘किलो’ एकच नव्हेत

‘एक अॅटमॉस्फिअर म्हणजे एक बार, म्हणजेच एक किलो दाब’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. टायरमध्ये हवा भरताना हे चालून जातं, पण मोजमापात ही तीन वेगळी एककं आहेत.

१ अॅटमॉस्फिअर म्हणजे नेमके १,०१,३२५ पास्कल (पास्कल हे दाबाचं प्रमाण एकक). ही व्याख्या १९५४ साली ठरली. बार म्हणजे १,००,००० पास्कल. आणि बोलीतला ‘किलो’ म्हणजे चौरस सेंटिमीटरवर एक किलोग्रॅम बल, ९८,०६६.५ पास्कल. यालाच तांत्रिक अॅटमॉस्फिअर म्हणतात, गोंधळाला तेही एक कारण. पाणी १ अॅटमॉस्फिअरला १०० अंशांना उकळतं, १ बारला साधारण ९९.६ अंशांना.

समुद्रसपाटीवर नेहमी १ अॅटमॉस्फिअर असतो, हेही खरं नाही. तो ठरवून दिलेला आकडा आहे. प्रत्यक्ष दाब हवामानाप्रमाणे रोज वरखाली होतो.

खरी मोठी चूक मात्र वेगळीच. साधा गेज, म्हणजे दाबमापक, बाहेरच्या हवेचा दाब मोजतच नाही; त्याहून जास्तीचा दाब तेवढा दाखवतो. त्यावर २ किलो दिसले, तर समुद्रसपाटीजवळ आतला निरपेक्ष दाब, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून एकूण दाब, सुमारे २.९७ बार असतो. वायूचा दाब, आकारमान आणि तापमान जोडणाऱ्या सूत्रात हा निरपेक्ष दाबच लागतो; गेजवरचा आकडा तसाच घातला, की इथे उत्तर सुमारे एकतृतीयांशाने चुकतं.