सात टक्क्यांचा चढ आणि पर्यावरणपूरक सुट्टी

उन्हाळा जवळ आला की युरोप सहलींच्या जाहिरातींत ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द हमखास दिसतो, आणि त्याखाली बांबूचे टूथब्रश, रोज न बदलले जाणारे टॉवेल, प्लास्टिकमुक्त न्याहारी असा तपशील असतो. हे सारे चांगलेच आहे. परंतु सुट्टीचा पर्यावरणावरील भार प्रामुख्याने प्रवासातून येतो, ही गोष्ट त्यामुळे झाकली जाते. एक किलो विमान-इंधन जळले की सुमारे 3.16 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण इंधनातील कार्बनला हवेतील ऑक्सिजन जोडला जातो. मुंबई ते झुरिक हे सुमारे साडेसहा हजार किलोमीटरचे अंतर जाऊन-येऊन कापले, तर इकॉनॉमी वर्गातील एका प्रवाशाच्या वाट्याला साधारण एक टन वायू येतो. त्याची भरपाई म्हणून वृक्षलागवडीची प्रमाणपत्रे विकली जातात. त्यांच्यावर माझा विश्वास नाही: विमान हा वायू काही तासांत सोडते, तर तो शोषायला रोपट्याला अनेक दशके लागतात, आणि तीही ते जगले तर.

त्यामुळे दहा दिवसांत सात देश पाहण्यापेक्षा एकच थेट उड्डाण करून एका प्रदेशात दीर्घ मुक्काम करणे हा खरा पर्यावरणपूरक निर्णय ठरतो. म्युनिक किंवा झुरिकमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर विमानाची गरजच नाही. माझी निवड स्वित्झर्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातील एंगाडिन खोऱ्याची आहे. झुरिक विमानतळाखालीच रेल्वे स्थानक आहे. तेथून निघून लांडक्वार्टला राएटियन रेल्वेची लाल, मीटर गेजची गाडी पकडायची, की 1999 साली खुल्या झालेल्या 19 किलोमीटरच्या व्हेराइना बोगद्यातून आपण खोऱ्यात उतरतो.

याच रेल्वेचा 1910 साली पूर्ण झालेला बर्निना मार्ग इटलीतील तिरानो (429 मीटर) येथून ओस्पित्सिओ बर्निना (2253 मीटर) या स्थानकापर्यंत चढतो, तोही मधल्या दातेरी रुळाशिवाय. आपल्या बोर घाटात 37 मीटर अंतराला 1 मीटर चढ आहे. येथे तो काही ठिकाणी 14 मीटरला 1 मीटर, म्हणजे सात टक्के आहे. पोलादी चाक पोलादी रुळाला जेमतेम एक चौरस सेंटिमीटर जागेत टेकते आणि फारसे दबत नाही. रबरी टायर मात्र प्रत्येक फेरीत दबतो, सुटतो आणि त्यात ऊर्जा उष्णतेच्या रूपाने गमावतो. म्हणून सपाटीवर रेल्वेचा घूर्णनरोध, म्हणजे चाक फिरताना होणारा विरोध, मोटारीच्या कित्येक पटींनी कमी असतो. घाटात मात्र हा फायदा फिका पडतो, कारण तेथे मुख्य खर्च वजन उचलण्याचा असतो. एक टन वस्तुमान 1824 मीटर उंच नेण्यासाठी mgh या शालेय सूत्रानुसार सुमारे 5 युनिट वीज लागते; शंभर टनांच्या गाडीसाठी 500 युनिट.

उतरताना ही सगळी ऊर्जा कुठे तरी जायलाच हवी. डिझेल बसमध्ये ती ब्रेक आणि इंजिन तापवून हवेत विरते. आधुनिक विद्युत गाडीत त्रिकला प्रेरण मोटर असते: स्थिर भागातील प्रवाह एक फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो आणि रोटर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, त्याच्यामागे किंचित कमी वेगाने फिरतो. या वेगांतील फरकामुळे रोटरमध्ये प्रवाह प्रेरित होतो आणि त्यातून गाडी ओढणारे बल मिळते. उतारावर भरलेली बैलगाडी बैलांनाच पुढे ढकलू लागते, तसा येथे रोटर क्षेत्राच्या पुढे जाऊ पाहतो. मोटरला मिळणाऱ्या विजेची वारंवारता ठरवणारे उपकरण, म्हणजे इन्व्हर्टर, क्षेत्राची वारंवारता रोटरच्या वेगापेक्षा मुद्दाम थोडी कमी ठेवतो, वेगांतील फरकाचे चिन्ह उलटते, बल मागे खेचू लागते आणि मोटर जनित्र होऊन वीज वरच्या तारेत परत पाठवते. बर्निना मार्गावर 1000 व्होल्टची दिष्ट विद्युतधारा (डीसी) आहे. अशा मार्गावर ही वीज घेण्यासाठी जवळपास दुसरी गाडी चढत असेल तर उत्तम; घेणारे कोणी नसेल, तर ती रोधकांत जाळावी लागते. म्हणजे वेळापत्रकात चढत्या आणि उतरत्या गाड्यांचा मेळ बसवण्यातही ऊर्जेची बचत दडलेली आहे. मोटर, इन्व्हर्टर आणि तारांतील तोटा टळत नाही, त्यामुळे ‘फुकट धावणारी गाडी’ असा दावा कोणी केला तर तो खोटा समजावा.

मराठी वाचकाला या रेल्वेचे एक नातेही माहीत असावे. तिची ‘क्रोकोडाइल’ इंजिने 1921 पासून विंटरथुर येथील कारखान्यात बांधली गेली, आणि 1928 साली आपल्या घाटांसाठी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने घेतलेल्या, ‘खेकडा’ म्हणून ओळखल्या गेलेल्या इंजिनांपैकी पहिली काही त्याच कारखान्यातील होती.

मुक्कामासाठी त्सेर्नेत्स हे गाव सोयीचे आहे. समेदान आणि पोंत्रेसिना या स्थानकांमार्गे बर्निनाची सहल तेथून एका दिवसात होते. 1914 साली स्थापन झालेले 170 चौरस किलोमीटरचे स्विस राष्ट्रीय उद्यान तर गावालगतच आहे, आणि ओफेन खिंडीकडे जाणारी पिवळी पोस्टबस त्याच्या पायवाटांच्या तोंडाशी सोडते. उद्यानात पायवाट सोडता येत नाही, फूल तोडता येत नाही, कुत्रा नेता येत नाही आणि तंबूही ठोकता येत नाही. आल्प्समधून नाहीशा झालेल्या दाढीवाल्या गिधाडाची पिल्ले 1991 पासून येथे निसर्गात सोडली गेली. उद्यान हिवाळ्यात बंद असते. ऑक्टोबरच्या पूर्वार्धात लार्चची झाडे पिवळी पडतात आणि वाटा सहसा चालण्याजोग्या असतात, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीची वाट न पाहता त्याआधीच रजा टाकावी.