तोंडी सगळं येतं, पेपर मात्र अर्धा कोरा
हुशार, पण लिहिण्या-वाचण्यात अडणाऱ्या मुलासाठी शाळा निवडताना: पालकांसाठी माहितीपत्रक

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिकच्या गोदाकाठी असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत पाणी चढेल, हे सहावीतला एखादा मुलगा घडाघडा सांगतो. धरणाचे दरवाजे, क्युसेक, होळकर पुलाखालची पातळी, सगळं त्याच्या डोक्यात पक्कं असतं. त्यालाच ‘गोदावरीचा पूर’ या विषयावर दहा ओळी लिहायला सांगा. पहिली ओळ ठळक आणि सरळ येते. तिसऱ्या ओळीपासून अक्षर खाली घसरतं, वेलांट्या गळतात, ‘प्रवाह’चा ‘परवाह’ होतो. पाचव्या ओळीत मधले शब्दच गायब असतात आणि मग पेन्सिल खाली ठेवली जाते. शिक्षक शेरा मारतात, ‘हुशार आहे, पण कंटाळा करतो.’ घरीही तेच बोललं जातं.

हा कंटाळा नाही. बुद्धी तल्लख असूनही वाचन, लेखन किंवा आकडेमोड यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता (लर्निंग डिसॅबिलिटी, बोलताना ‘एलडी’) असू शकते. दोन्ही गोष्टी एकाच मुलात असल्या की एक दुसरीला झाकते. हुशारीच्या जोरावर मूल चौथी-पाचवीपर्यंत तारून नेतं, म्हणून अडचण कुणाला दिसत नाही. अडचणीमुळे गुण साठ-पासष्टच्या पुढे जात नाहीत, म्हणून हुशारीही दिसत नाही. सगळ्यांच्या लेखी ते ‘मध्यम’ मूल ठरतं.

आमचं केंद्र नाशिकमध्ये अशा मुलांच्या चाचण्या, रेमेडियल शिकवणी (जे अडतं त्याची वेगळी, खास शिकवणी) आणि शाळा निवडीचा सल्ला एवढंच काम करतं. हे पत्रक शेवटच्या कामाबद्दल आहे. आमचं म्हणणं थोडक्यात असं: शाळेचा निकाल, इमारत आणि बोर्ड यांच्या आधी एकच गोष्ट बघा. मुलाला जे कळलंय ते दाखवायला लेखी पेपराशिवाय दुसरी वाट त्या शाळेत आहे का?

आधी हातातला चाचण्यांचा अहवाल नीट वाचा

बुद्ध्यंकाचा एकच आकडा बघून शाळा ठरवू नका. चाचणीत सरासरी १०० धरलेली असते आणि १३० च्या वरची मुलं साधारण शंभरात दोन असतात. समजा, मुलाचा शाब्दिक आकलनाचा गुणांक १३२ आणि प्रक्रिया-गतीचा, म्हणजे काम उरकण्याच्या वेगाचा, ८४ आला. एकूण आकडा मधेच कुठेतरी पडतो आणि ‘सर्वसाधारण’ असा शिक्का बसतो. खरी माहिती त्या दोन आकड्यांमधल्या दरीत असते. असं मूल वर्गातल्या बहुतेकांच्या आधी समजतं आणि बहुतेकांच्या नंतर लिहून पूर्ण करतं. अहवालात उपचाचण्यांचे गुण सुटे दिलेले नसतील तर मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. शाळेत अहवाल दाखवताना हीच दरी मुख्याध्यापकांना बोट ठेवून दाखवा.

शाळेत गेल्यावर

‘तुम्ही एलडीची मुलं घेता का?’ असं विचारलं तर बहुतेक शाळा हो म्हणतात. त्यातून काही कळत नाही. नेमकं विचारा. गेल्या वर्षी दहावीला किती मुलांनी लेखनिक, म्हणजे सांगितलेलं उत्तर लिहून घेणारा, घेतला? त्या मुलांना लेखनिकाची सवय कोणत्या इयत्तेपासून लावली? लेखनिकाला उत्तर सांगणं हे वेगळं कौशल्य आहे. मनात उत्तराची मांडणी करायची, समोरच्याच्या हाताच्या वेगाने बोलायचं, आकृतीतली नावं सांगायची, आधी सांगितलेलं लक्षात ठेवायचं. थेट बोर्डाच्या पेपरला पहिल्यांदा लेखनिक मिळालेलं मूल गोंधळून जातं. सहावी-सातवीच्या घटक चाचणीपासून ही सोय देणारी शाळा आम्हाला खरी वाटते. ‘बोर्डाच्या वेळी बघू’ म्हणणाऱ्या शाळेने अजून काही पाहिलेलं नाही असंच समजा.

एखाद्या मुलाची तपासलेली उत्तरपत्रिका, नाव झाकून, बघायला मागा. विज्ञानाच्या बरोबर उत्तरात ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापलेत का? गणितात उत्तर बरोबर, पण पायऱ्या नाहीत म्हणून शून्य दिलंय का? तोंडी हिशोब करणाऱ्या मुलाचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. शिक्षकांनी त्याला बोलावून ‘कसं काढलंस ते सांग’ असं एकदा विचारलं तरी पुष्कळ फरक पडतो. असे शिक्षक त्या शाळेत आहेत का, हे स्टाफरूमच्या दारात दहा मिनिटं उभं राहिलात तरी जाणवतं.

रिसोर्स रूम, म्हणजे अशा मुलांना वेगळं शिकवायची खोली, दाखवायला सांगा. तिथे खुर्च्यांचे ढीग आणि गॅदरिंगचे पडदे ठेवलेले असतील तर ती खोली फक्त माहितीपुस्तिकेत आहे. स्पेशल एज्युकेटर आठवड्यातून किती दिवस येतात आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. नोंदणी क्रमांक देण्यात कुणालाच अडचण नसावी.

आणि वेळापत्रक बघा. रेमेडियलचा तास कोणत्या तासाच्या जागी घेतात? खेळ, चित्रकला किंवा विज्ञान मंडळाच्या जागी घेत असतील तर आमचा स्पष्ट सल्ला आहे, दुसरी शाळा बघा. दिवसातली जी एक गोष्ट त्याला जमते आणि आवडते तीच काढून न जमणारी गोष्ट डबल द्यायची, यात मुलाचं मन शाळेवरून उठतं. ‘आधी अक्षर सुधारू दे, मग ऑलिम्पियाडचं बघू’ असं पालकही म्हणतात. अक्षर सुधारायला वर्षं लागतात. तेवढा काळ त्याची भूक तशीच ठेवता येत नाही. दोन्ही बाजूंचं काम एकाच वर्षी, एकाच आठवड्यात चालायला हवं.

हुशारीची बाजू तपासायची तर विचारा, वरच्या इयत्तेची पुस्तकं ग्रंथालयातून मिळतात का? प्रकल्प तोंडी मांडून किंवा मॉडेल करून दिला तर चालतो का? प्रश्न विचारणाऱ्या मुलाला वर्गात गप्प बसवतात का?

पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीबद्दल आम्हाला नेहमी विचारतात. संस्था १९६२ ची, बुद्धिमान मुलांसाठीची प्रशाला १९६९ ची, आणि त्यांचं काम मोठंच आहे. पण निवड परीक्षा देऊन अशा शाळेत किंवा निवासी नवोदय विद्यालयात जायचं असेल, तर वेळ लावलेल्या लेखी परीक्षेत तुमच्या मुलाची वाचनाची गतीही मोजली जाणार, हे धरून चला. जादा वेळ मिळतो का, ते अर्ज भरण्याआधी विचारा. ज्या मुलाला रोज संध्याकाळी आई किंवा बाबा धडा वाचून दाखवतात, त्याला एवढ्यात घरापासून लांब ठेवावं असं आम्हाला वाटत नाही.

घराजवळची शाळा हाही मोठा मुद्दा आहे. पाथर्डी फाट्याहून गंगापूर रोडला रोज बसने जाऊन-येऊन मूल घरी येतं तेव्हा रेमेडियलसाठी त्याच्यात काही उरलेलं नसतं. थोडी कमी नावाजलेली, पण जवळची आणि ऐकून घेणारी शाळा आम्ही वर ठेवतो.

माध्यम आणि बोर्ड

देवनागरीत जसा उच्चार तसं लेखन बऱ्याच अंशी होतं, त्यामुळे वाचनाची अडचण असलेल्या अनेक मुलांना इंग्रजी स्पेलिंगपेक्षा मराठी वाचन लवकर साधतं. अडतं ते जोडाक्षरांवर आणि ऱ्हस्व वेलांटीवर, कारण ती अक्षराच्या आधी काढायची आणि नंतर म्हणायची. घरात मराठी असेल तर मराठी किंवा सेमी-इंग्रजीचा विचार जरूर करा. इंग्रजी माध्यमात पाचवी-सहावीपर्यंत आलेल्या मुलाचं माध्यम मात्र घाईने बदलू नका.

राज्य मंडळ आणि सीबीएसई दोन्हीकडे लेखनिक, जादा वेळ आणि भाषेतली सूट मिळते. जादा वेळ तासाला २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, ही पळवाट नाही. किमान पाच विषय, त्यांत एक भाषा, आणि पाच वर्षांत परीक्षेच्या नऊ संधी. एखाद्या विषयात फार पुढे आणि दुसऱ्यात मागे असलेल्या मुलाला ही रचना कधी कधी फार छान बसते. फक्त घरी शिस्त लावणारं कुणीतरी हवं.

एक सावधगिरी. मिळते म्हणून प्रत्येक सवलत घेऊ नका. राज्य मंडळात गणिताऐवजी खालच्या पातळीचं अंकगणित घेता येतं. आकडे उलटसुलट लिहिणारा, ४७ चे ७४ करणारा मुलगा भूमितीत अव्वल असू शकतो. दहावीला गणित सोडलं की पुढे अभियांत्रिकीची वाट अवघड होते. अशा मुलाला कॅल्क्युलेटर आणि जादा वेळ पुरतो का, हे आठवीत आणि नववीत करून बघा, मग ठरवा.

कायदा आणि कागद

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. सरकारी अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळांनी ती लवकर ओळखून उपाय करायचे, असं कलम १६ सांगतं. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घेता येत नाही. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत, पुढे प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढताही येत नाही. ‘दाखला घेऊन जा’ असं कुणी तोंडी सांगितलं तर ते लेखी मागा. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा दुसरा कायदा लागू नाही, पहिला मात्र आहे.

खासगी केंद्राचा अहवाल, आमचाही, राज्य मंडळाच्या सवलतीसाठी चालत नाही. त्यासाठी सरकारी यंत्रणेचं प्रमाणपत्र लागतं आणि अर्ज दिव्यांग प्रमाणपत्रांसाठीच्या सरकारी स्वावलंबन पोर्टलवर करायचा असतो. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तपासणी तिसरीपासून किंवा आठव्या वर्षापासून होते, १४ आणि १८ व्या वर्षी पुन्हा करायची असते. तारखा मिळायला वेळ लागतो, म्हणून नववीच्या जूनमध्येच कामाला लागा.

आमच्याकडे येताना

जुन्या वह्या आणा, विशेषतः वाईट अक्षराच्या. घरी सुधारून, पुन्हा लिहून घेतलेल्या नकोत. तपासलेले दोन-तीन पेपर, डोळ्यांचा आणि कानांचा तपासणी अहवाल, आधीच्या चाचण्या झाल्या असतील तर त्याही. आणि मुलाने स्वतःहून केलेलं काहीतरी आणा, मोडून जोडलेला रेडिओ, काढलेले नकाशे, रेकॉर्ड केलेली गोष्ट, काहीही.

पहिली भेट पालकांशी आणि मुलाशी वेगवेगळी होते. मुलाला आधी ‘तपासायला नेतोय’ असं सांगू नका, ‘तुला काय जमतं आणि काय जड जातं ते बघायला’ असं सांगा, कारण तेच खरं आहे. आम्ही कोणत्याही शाळेकडून मोबदला घेत नाही. दोन-तीन शाळांची नावं चर्चेनंतर सुचवतो, आणि पालकांची इच्छा असेल तर शाळेच्या पहिल्या भेटीला आमच्यातलं एक जण सोबत येतं.