‘स्पॉट’ या शब्दाचा घोळ : फिल्म एसएलआरमधील मीटरिंगची पार्श्वभूमी

मंगेशीचा पांढरा दीपस्तंभ किंवा पणजीच्या मुख्य चर्चचा दर्शनी भाग मे महिन्याच्या उन्हात टिपला, की पुष्कळदा तो रिळात राखाडी उतरतो आणि दोष कॅमेऱ्यातील प्रकाश मोजणाऱ्या मीटरला दिला जातो. मीटर मात्र समोरच्या प्रत्येक गोष्टीला मध्यम करडी मानूनच चालतो. म्हणून तो चौकटीतला नेमका कोणता भाग वाचतो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

सेलेनियमचे मीटर कॅमेऱ्याच्या बाहेरून प्रकाश मोजत, तोवर या प्रश्नाला फारसा अर्थ नव्हता. १९६३ मध्ये ‘टॉपकॉन आरई सुपर’ या एसएलआरने (लेन्समधूनच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने) लेन्समधून आलेला प्रकाश मोजला आणि चौकटीतला कोणता भाग मोजायचा, याची निवड करणे भाग पडले.

सर्वाधिक गैरसमज पसरवला तो ‘पेंटॅक्स’च्या ‘स्पॉटमॅटिक’ या कॅमेऱ्याच्या नावाने. १९६० मध्ये कोलोनच्या प्रदर्शनात मांडलेला त्याचा नमुना खरोखरच चौकटीतील लहानसा ठिपका (‘स्पॉट’) मोजणारा होता. परंतु १९६४ मध्ये बाजारात आलेला कॅमेरा व्ह्यूफाइंडरच्या दोन्ही बाजूंना बसवलेल्या कॅडमियम सल्फाइडच्या दोन प्रकाशसंवेदी सेलांच्या साहाय्याने संपूर्ण चौकटीची सरासरी काढत होता, आणि तरीही नाव जुनेच राहिले. ठिपका चुकीच्या जागी धरला तर सामान्य छायाचित्रकाराचा अंदाज पार बिघडेल, असे या माघारीचे कारण सांगितले जाते. हे कारण समजण्यासारखे आहे. नाव तसेच ठेवणे मात्र समर्थनीय वाटत नाही, कारण ‘माझ्याकडे स्पॉट मीटर आहे’ या समजुतीने चेहऱ्यावर रोख धरणाऱ्याच्या मोजमापात मागचे सगळे आकाश शिरत होते, आणि समुद्रकिनाऱ्यावर काढलेले चेहरे काळे पडण्याचे ते एक साधे कारण होते. पुढेही या शब्दाचा अर्थ सैलच राहिला : १९७१ च्या ‘कॅनन एफटीबी’तील मधला आयत चौकटीचा १२ टक्के भाग व्यापतो, त्याला ‘पार्शल’ (आंशिक) म्हणतात, तरी बोलण्यात तोही ‘स्पॉट’च होतो.

दरम्यान १९६६ च्या ‘मिनोल्टा एसआर-टी १०१’ने दोन सेल एकमेकांना जोडून आकाशाचा प्रभाव कमी केला, ही युक्ती आडव्या चौकटीत साधते, कॅमेरा उभा धरला की ढासळते. १९६७ पासून मध्यभागाला ६० टक्के आणि उरलेल्या चौकटीला ४० टक्के वजन देणारी सेंटर-वेटेड पद्धत रुळली. १९८२ च्या ‘निकॉन एफएम२’मध्ये १२ मिलिमीटरचे वर्तुळ डोळ्यांसमोरच दिसते, त्यामुळे मीटर कुठे अधिक पाहतो आहे, हे वापरणाऱ्याला ठाऊक असते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या पद्धतीची खरी थोरवी यातच आहे.

१९८३ मध्ये दोन विरुद्ध उत्तरे आली. ‘ऑलिंपस ओएम-४’ने खरा स्पॉट देऊन आठपर्यंत मोजमापांची सरासरी काढण्याची सोय केली, शिवाय दीपस्तंभाची पांढरी भिंत मोजून ‘हायलाइट’ची कळ दाबली, तर एक्स्पोजर (फिल्मवर पडणारा प्रकाश) दोन स्टॉपने, म्हणजे चौपट, वाढून पांढरे पांढरेच राहत असे. ‘निकॉन एफए’ने चौकटीचे पाच भाग करून निर्णय कॅमेऱ्याकडे सोपवला. त्याने किती भरपाई केली हे कळत नसल्याने, स्वतः भरपाई करू पाहणाऱ्याची ती दुप्पट होण्याची भीती राहते. त्याच कॅमेऱ्यावर सेंटर-वेटेडकडे परतण्याची कळही ठेवलेली आहे.