डिकीचा पत्रा झाकल्या जागीच का सडतो?

शाळेतला खिळ्यांचा प्रयोग सगळ्यांना आठवत असेल. एका परीक्षानळीत पाणी आणि हवा, दुसरीत उकळून गार केलेले पाणी व त्यावर तेलाचा थर, तिसरीत ओलावा शोषणारे कॅल्शियम क्लोराइड. पहिल्या नळीतला खिळा गंजतो, बाकीचे दोन चकचकीत राहतात. गंजायला पाणी लागते आणि ऑक्सिजनही लागतो, हा त्यातून निघणारा निष्कर्ष अगदी बरोबर आहे. पण त्याच्या जोडीने आपण मनात आणखी एक समजूत करून घेतो, ती चुकीची असते. ती अशी, की जिथे ऑक्सिजन जास्त तिथे लोखंड जास्त खाल्ले जाणार.

जुन्या गाडीची डिकी उघडून स्टेपनी बाहेर काढा आणि खालचा पत्रा नीट पाहा. मधला उघडा भाग तांबूस झालेला असला तरी बहुधा शाबूत असतो. भोके पडतात ती नमद्याखाली (डिकीत अंथरलेल्या जाड कापडी थराखाली), दोन पत्रे जिथे एकमेकांवर जोडले आहेत तिथे, एखाद्या ब्रॅकेटच्या मागे, किंवा मागच्या दुरुस्तीत भरलेल्या पुट्टीच्या कडेला. म्हणजे हवा जिथे सर्वांत कमी पोहोचते नेमकी तीच जागा सडते. स्वस्तात केलेल्या बहुतेक दुरुस्त्या थोड्याच काळात पुन्हा उखडतात, त्या हे लक्षात न घेतल्यामुळे.

केंब्रिजमध्ये उलिक इव्हान्स या शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात यावर एक प्रयोग केला. इतका साधा आणि इतका बोलका प्रयोग रसायनशास्त्रात क्वचितच सापडेल. घासून स्वच्छ केलेल्या पोलादी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. त्यात दोन दर्शक मिसळायचे: लोखंड विरघळू लागले की निळे होणारे पोटॅशियम फेरिसायनाइड, आणि अल्क तयार झाले की गुलाबी होणारे फिनॉल्फ्थॅलिन. सुरुवातीला थेंबाखाली निळे-गुलाबी ठिपके इतस्ततः उमटतात. थोड्या वेळाने चित्र पालटते. थेंबाचा मधला भाग निळा होतो, कडेला गुलाबी वर्तुळ तयार होते, आणि दोहोंच्या मध्ये तपकिरी गंजाचे कडे जमते. हवा कडेला सहज मिळते, मध्यभागी ती पाण्याच्या थरातून झिरपत यावी लागते. आणि तरी लोखंड विरघळते ते मध्यभागी!

याचे कारण असे की ऑक्सिजन लोखंडाला थेट खात नाही, तो फक्त इलेक्ट्रॉन उचलतो. लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतो. मागे राहिलेले इलेक्ट्रॉन कुणी उचलले नाहीत तर हे विरघळणे लगेच थांबेल. उचलण्याचे काम ऑक्सिजन करतो, पण ते त्याच जागी व्हावे असे कुठलेही बंधन नाही, कारण पत्रा वीजवाहक आहे. अणू एकीकडे विरघळतो, त्याचे इलेक्ट्रॉन पत्र्यातून दुसरीकडे धावतात, आणि पाण्यातले आयन उलट बाजूने मंडल पूर्ण करतात. पत्र्यावर एक छोटा विद्युतघट तयार होतो. कडेला ऑक्सिजन भरपूर असल्यामुळे तिथे कॅथोड, म्हणजे इलेक्ट्रॉन उचलले जातात ते टोक, आणि तिथे तयार होणारे अल्क लोखंडावर संरक्षक पापुद्रा टिकवून धरते. मध्यभागी ऑक्सिजन नाही, अल्क नाही, पापुद्राही नाही. ती जागा अॅनोड, म्हणजे विरघळणारे टोक, होते आणि कडेच्या वाट्याचे विरघळणेही तिच्याच माथी येते.

आता थेंबाच्या मध्यभागाऐवजी दोन पत्र्यांमधली फट डोळ्यांसमोर आणा. फटीत विरघळलेले लोखंडाचे आयन धनभारित असतात. त्यांचा भार तोलायला बाहेरच्या पाण्यातले क्लोराइड आयन आत ओढले जातात. मीठ रस्त्यावरून आलेले असो, समुद्राच्या हवेतून किंवा घामाच्या हातांतून, त्याचा साठा हळूहळू फटीतच होतो. लोखंडाच्या आयनांची पाण्याशी अभिक्रिया होऊन आम्ल तयार होते. आम्ल आणि क्लोराइड एकत्र आले की संरक्षक पापुद्रा पुन्हा धरत नाही, विरघळणे वाढते, आणि आणखी क्लोराइड आत येते. फट स्वतःच स्वतःचा सडण्याचा वेग वाढवत नेते.

वेगाचा हिशेबही करता येतो. फॅराडेच्या नियमानुसार दर चौरस सेंटिमीटरला एक मायक्रोअँपिअर इतका सूक्ष्म प्रवाह सतत वाहिला, तर वर्षाला सुमारे ०.०१२ मिलिमीटर पोलाद विरघळते. प्रवाह दहापट झाला की वर्षाला ०.१२ मिलिमीटर. डिकीचा पत्रा साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाडीचा असतो, म्हणजे सहा-सात वर्षांत आरपार. शिवाय कॅथोड मोठा आणि अॅनोड छोटा असेल, तर मोठ्या क्षेत्रावर गोळा झालेला सगळा प्रवाह छोट्या जागेतून जातो आणि तिथली प्रवाहाची घनता त्याच प्रमाणात वाढते. उघडा ओला पत्रा हातभर आणि फट बोटभर असेल तर फटीचे काय होणार, ते यावरून कळेल. त्यात गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट भरते. तो फुगून जोड उघडतो, रंग उचलतो आणि पाण्यासाठी नवी फट करून देतो. रंगावर दिसणारे फोड हा रंगाचा दोष नसतो, खाली चाललेल्या या कामाची ती खूण असते.

दुरुस्तीची सुरुवात पत्र्यापासून नाही, पाण्यापासून करायची. डिकीत पाणी येते ते टेललॅम्पच्या खराब गॅस्केटमधून, झाकणाच्या दबलेल्या रबर बीडिंगमधून, छताच्या खाचेतल्या तडकलेल्या सीलंटमधून, आणि मागच्या बंपरआड असलेल्या हवा बाहेर सोडणाऱ्या झडपांच्या कडेने. एकाने बाहेरून पाणी सोडायचे आणि दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बघायचे, एवढ्यावर बहुतेक गळत्या सापडतात. नमदा स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो, तो काढून पूर्ण वाळवायला हवा. गळती नसली तरी दमट हवेचा धोका राहतोच. सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलादाचा गंज झपाट्याने वाढतो, आणि मिठाचा थर असेल तर त्याहून कमी आर्द्रतेतही तो चालू राहतो.

मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पत्रा टोचत जायचे. स्टेपनीच्या खोलगट भागाचा तळ बहुतेक गाड्यांत मोठा भार घेत नाही, तो घरी दुरुस्त करता येतो. पण टोक आत घुसते ती जागा चासीच्या पट्टीवर, सस्पेन्शनच्या बैठकीजवळ किंवा सीटबेल्टच्या आधारापाशी असेल, तर तिथे काटकसर करू नये. ते काम कसबी वेल्डरचेच. आणि भोक छोटे आहे म्हणून गाडी तशीच चालवत राहणेही बरे नव्हे. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, एक्झॉस्टचा धूर तिथे घोटाळतो, आणि डिकीतल्या भोकातून कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरू शकतो. त्याला वास नसतो.

भोकावर थेट पुट्टी भरणे हा सर्वांत स्वस्त वाटणारा आणि सर्वांत वाईट उपाय आहे. पॉलिएस्टर पुट्टी ओलावा शोषते, खालून तिला काहीच संरक्षण नसते, आणि तिच्या कडेला नेमकी गंजाला सोयीची, हवा न पोहोचणारी फट तयार होते. भोकाच्या कडेचा पत्रा कागदासारखा झालेला असतो, त्यामुळे चकचकीत आणि पूर्ण जाडीचे पोलाद लागेपर्यंत तो कापून काढावा लागतो. भोक मोठे झालेले बघून जीव खालीवर होतो, पण ठिगळ टिकायचे तर त्याला धरायला धातू हवा.

ठिगळासाठी साधे पोलाद घ्या, तेवढ्याच जाडीचे. कधी न गंजणारे म्हणून स्टेनलेस स्टील लावण्याचा मोह होतो. ओलावा शिरला की मोठे स्टेनलेस ठिगळ कॅथोड होते आणि त्याच्या कडेचे साधे पोलाद अॅनोड. म्हणजे वर सांगितलेला सगळा हिशेब आपणच विकत आणायचा. ॲल्युमिनियमचे ठिगळ लावले तर मिठाच्या पाण्यात बहुधा तेच खाल्ले जाते. वेल्डिंगची सोय नसेल तर भार नसलेल्या जागी पत्रे जोडणारा इपॉक्सी चिकटा आणि पॉप रिवेट चालतात. चिकट्याचा एक मोठा फायदा असा की ठिगळ आणि पत्रा यांच्यातली फटच भरून जाते. तो कडेपर्यंत सलग पसरायला हवा, ठिकठिकाणी ठिपके देऊन चालत नाही. वेल्डिंग करायचेच असेल तर आधी बॅटरी सोडवा, आणि इंधनाची टाकी, तिच्या नळ्या व नमदा यांपासून ठिणगी दूर राहील याची खात्री करा.

उरलेल्या खड्ड्यांतला गंज कितीही घासला तरी पूर्ण निघत नाही. तिथे गंज-रूपांतरक द्रव उपयोगी पडतो. त्यातले फॉस्फोरिक आम्ल गंजाचे लोहफॉस्फेट करते, तर टॅनिक आम्ल त्याचे काळेनिळे लोहटॅनेट. मायफळ आणि हिराकस यांची जुनी काळी शाई याच अभिक्रियेतून होत असे. पण हा द्रव पातळ, घट्ट बसलेल्या गंजावरच काम करतो. पापुद्रे सुटलेल्या गंजावर ओतला तर वरचा थर काळा होतो आणि खाली विद्युतघट चालूच राहतो. म्हणून आधी वायर ब्रशने खरवडा, मीठ निघून जाण्यासाठी गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, आणि मग द्रव लावा.

गाडीला तारा जोडून गंज थांबवण्याचा दावा करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रेही विकली जातात. विजेने गंज रोखता येतो हे खरे आहे, जहाजांवर आणि जमिनीखालच्या नळांवर ते रोज केले जाते. पण तिथे सगळा धातू सलग पाण्यात किंवा ओल्या मातीत बुडलेला असतो. गाडी हवेत उभी असते. तिच्यावरचा ओलावा तुटक थेंबांचा, त्यामुळे प्रवाहाला सडणाऱ्या फटीपर्यंत जायला वाटच नाही. त्या यंत्राच्या पैशात इपॉक्सी प्रायमर, पत्र्यांचे जोड बुजवणारा सीम सीलर आणि पोकळ भागात फवारायचे मेण आणावे. जस्ताचा प्रायमर मात्र खरोखर उपयोगी आहे: जस्त लोखंडापेक्षा सहज इलेक्ट्रॉन सोडते आणि आधी स्वतः झिजते. त्यासाठी त्याचे कण एकमेकांना आणि उघड्या धातूला टेकलेले हवेत. गंजावर किंवा जुन्या रंगावर त्याचा थर देऊन काही होत नाही.

रंगाइतकेच महत्त्व पत्र्याच्या खालच्या बाजूला आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथला थर जळालेला असतो, तो वरून दिसत नाही. गाडीखालून प्रायमर आणि सीम सीलर, बंद पोकळीत मेण, आणि हे सगळे करताना पाणी जाण्याची भोके मोकळी. स्टेपनीखालचे रबरी बूच सीलरने चिकटवून टाकू नका, पुढच्या वेळी आत साचलेले पाणी त्याच वाटेने काढायचे आहे. नमदा परत घालण्यापूर्वी सीलर पूर्ण सुकू द्या, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर नमद्याखाली हात घालून जोडांवर ओल लागते का ते तपासा.