आठवीचा वर्ग जोडला, म्हणजे शाळा उच्च प्राथमिक झाली का?

चौथीपर्यंतच्या शाळेला पाचवी मिळते, सातवीपर्यंतच्या शाळेला आठवी मिळते. ग्रामसभेत अभिनंदनाचा ठराव होतो, शाळेचा फलक नव्याने रंगवला जातो. आनंद रास्तच आहे, कारण मुलीला आठवीसाठी दुसऱ्या गावी जावं लागणार नाही, एवढ्यानेही कितीतरी घरांत शिक्षण चालू राहतं. पण ‘वर्ग जोडणं’ आणि ‘उच्च प्राथमिक टप्पा उभा राहणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली एका आदेशाने होते. दुसरीला शिक्षक, तास, खोल्या आणि साहित्य लागतं, आणि त्यांची मापं कायद्यात लिहिलेली आहेत. शाळा व्यवस्थापन समितीला ती मापं ठाऊक नसली, की पहिल्या गोष्टीवरच समाधान मानलं जातं.

आपल्याकडे घोळ नावापासून सुरू होतो. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं पहिली ते चौथी प्राथमिक, पाचवी ते सातवी उच्च प्राथमिक आणि आठवीपासून हायस्कूल अशी घडी होती. बोलण्यात ती अजून तशीच आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात पहिली ते पाचवी हा एक टप्पा आणि सहावी ते आठवी हा दुसरा. ही घडी बसवण्यासाठी राज्याने २०१३ मध्ये वर्ग जोडण्याचं धोरण आणलं: एक किलोमीटरच्या आत पाचवी नसेल तर चौथीच्या शाळेला पाचवी, तीन किलोमीटरच्या आत आठवी नसेल तर सातवीच्या शाळेला आठवी. म्हणजे पाचवी जोडली तर शाळा प्राथमिक म्हणून पुरी झाली, उच्च प्राथमिक झाली नाही. आणि पाचवीची मुलं हायस्कुलाच्या इमारतीत बसत असली, तरी कायद्याच्या मोजणीत ती प्राथमिकचीच.

हा फरक कागदावरचा वाटतो, पण तो स्वयंपाकघरात वजनकाट्यावर दिसतो. शालेय पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ धरतात. सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य आणि ३० ग्रॅम डाळ. भाजी ५० ऐवजी ७५ ग्रॅम, तेल ५ ऐवजी साडेसात ग्रॅम. सहावी ते आठवीत ६१ मुलं जेवत असतील तर तांदूळ ९ किलो १५० ग्रॅम लागतो. स्वयंपाकी ताईंना कोणी वेगळं माप सांगितलंच नाही आणि सरसकट १०० ग्रॅमने शिजवलं, तर ६ किलो १०० ग्रॅमच चुलीवर जातो. तीन किलोची तूट वाढत्या वयाच्या मुलांच्या ताटात पडते, आणि महिनाअखेरीस शिल्लक नोंदवहीशी जुळत नाही ते वेगळंच. म्हणून उपस्थितीचा आकडा स्वयंपाकघरात एकच न देता दोन द्यायचे: पाचवीपर्यंतचा वेगळा, सहावीपासूनचा वेगळा.

आता मुख्य गोष्ट, शिक्षकांची. पहिली ते पाचवीत शिक्षक पटावर मोजतात: ६० मुलांपर्यंत दोन, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार, १२१ ते २०० ला पाच. सहावी ते आठवीतही पट आहेच, ३५ मुलांमागे एक. पण त्याच्या जोडीला दोन अटी आहेत. प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक हवा. आणि ते असे नेमायचे की विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा या तिन्हींसाठी प्रत्येकी किमान एक असेल.

एक शाळा धरू. पहिली ते पाचवीत ७० मुलं. सहावीत २२, सातवीत २०, आठवीत १९, म्हणजे वरच्या टप्प्यात ६१. खालच्या टप्प्याला तीन शिक्षक. वरच्या टप्प्यात ६१ ला ३५ ने भागलं तर दोनच येतात, पण वर्ग तीन आहेत आणि विषयगटही तीन, म्हणून तीन शिक्षक. एकूण सहा. याच शाळेचा सगळा पट, १३१, एकत्र करून प्राथमिकच्या तक्त्यात पाहिला तर उत्तर येतं पाच. गळतो तो बहुधा विज्ञान-गणिताचा शिक्षक. मागणीच्या पत्रात ‘पट १३१, शिक्षक कमी आहेत’ एवढंच लिहिण्यापेक्षा दोन टप्प्यांची ही मोजणी मांडली, तर पत्राला वजन येतं.

दोन शिक्षकांवर तीन वर्ग चालवले तर काय होतं, ते वेळापत्रकातच दिसतं. तीन वर्ग, दिवसाला आठ तासिका, म्हणजे चोवीस. दोन शिक्षकांनी एकही तासिका मोकळी न ठेवता शिकवलं तरी सोळा. उरलेल्या आठ तासिका रोज कोणत्या ना कोणत्या वर्गात फक्त ‘शांत बसा, वाचन करा’ असतात. वर्षाच्या शेवटी एक तृतीयांश अभ्यासक्रम असा निघून गेलेला असतो.

‘खालीही जोडवर्ग, म्हणजे दोन इयत्ता एकत्र बसवून एकाच शिक्षकाने शिकवणं, असतातच की,’ असं यावर म्हटलं जातं. खाली जोडवर्ग चालू शकतात आणि चांगले चालवणारे शिक्षक आपल्याकडे आहेत. पहिली-दुसरीच्या वाचनाचे गट एकत्र बसवता येतात, मोठं मूल लहानाला शिकवतं. वर ही सोय संपते. फळ्यावर मधोमध उभी रेघ मारलेली आहे. डावीकडे सहावीसाठी संख्यारेषा आणि त्यावर उणे पाच अधिक तीन. उजवीकडे आठवीचं गणिताचं पहिलंच प्रकरण, परिमेय व अपरिमेय संख्या, आणि वर्गमूळ दोन संख्यारेषेवर दाखवण्यासाठी काढलेला काटकोन त्रिकोण. ‘उणे दोनच का आलं?’ हा सहावीच्या मुलाचा प्रश्न पुरा होण्याआधी सरांना उजवीकडे वळावं लागतं. दोन्ही संख्यारेषाच, पण एक समजल्याशिवाय दुसरी समजत नाही, आणि दोन्ही एका श्वासात सांगताही येत नाहीत.

शिक्षक मिळाला, पण विषयाचा नसला, तर काम अर्धंच झालं. शिक्षक पात्रता परीक्षेचे दोन पेपर यासाठीच वेगळे आहेत. पेपर एक पाचवीपर्यंतसाठी. पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. त्यात १५० पैकी ६० गुण गणित-विज्ञानाला किंवा सामाजिक शास्त्रांना, उमेदवार निवडेल त्याप्रमाणे. सेवेतल्या उपशिक्षकांतून पदवीधर पदावर घेताना कला शाखेचे पदवीधर सहज मिळतात, विज्ञानाचे कमी. त्यामुळे ‘तीन पदं भरली’ असा अहवाल जातो आणि तिघेही भाषा नाहीतर इतिहासाचे निघतात. समितीने विचारायचा प्रश्न ‘किती शिक्षक?’ एवढाच नाही, ‘कोणत्या विषयाचे?’ हाही आहे.

मंजूर झालेलं पद टिकवणं हे आणखी वेगळं काम. पदं संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवणाऱ्या सरकारी मोजणीत ठरतात, आणि संचमान्यता विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदीवर, आधार जुळण्यावर चालते. शाळेच्या दाखल खारीज रजिस्टरात एक नाव, आधारवर दुसरं, जन्मतारखेत फरक, अशी तीन-चार मुलं असली तर ती वर्गात रोज बसूनही मोजणीत येत नाहीत. बावीसचे अठरा होतात. मार्च २०२४ च्या संचमान्यता निकषांवर शिक्षक संघटनांचा मोठा आक्षेप नेमका इथे होता: सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत गेलेल्या छोट्या शाळांचं काय. डोंगराळ भागातल्या, वाड्यावस्त्यांच्या शाळांत वीस हा आकडाच मोठा असतो. तिथे पटाचा निकष लावून विषय शिक्षक काढून घेणं म्हणजे वर्ग कागदावर ठेवून टप्पा बंद करणं, असंच आमचं स्पष्ट मत आहे. निकष बदलेपर्यंत निदान नावांची दुरुस्ती जून-जुलैमध्येच करून घ्यावी. पालकांना आधार केंद्रावर कोणता कागद न्यायचा ते लिहून द्यावं, आणि दुरुस्तीची पावती शाळेत जमा करून घ्यावी.

वेळेचं मापही दोन टप्प्यांना सारखं नाही. खाली वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास. वर २२० दिवस आणि १००० तास. एकाच घंटेवर सगळी शाळा सुटली आणि वरचे वर्गही रोज चार तासच शिकले, तर २२० दिवसांत ८८० तास होतात. १२० तास कमी. हिशोब पुरा करायला वरच्या वर्गांना रोज साधारण ४ तास ३५ मिनिटं प्रत्यक्ष अध्यापन लागतं, परिपाठ आणि जेवणाची सुट्टी सोडून. ज्या गावात मुलं एसटीने येतात तिथे हे गाडीच्या वेळेशी अडतं. मग सायंकाळच्या फेरीची वेळ बदलून घेण्यासाठी आगाराकडे अर्ज करावा लागतो, आणि तो शाळेने एकट्याने करण्यापेक्षा ग्रामपंचायतीच्या ठरावासह गेलेला बरा.

खोल्यांचा नियम सोपा आहे: जितके शिक्षक तितक्या वर्गखोल्या, शिवाय कार्यालय. मुलींचं स्वच्छतागृह मात्र नुसतं ‘आहे’ म्हणून चालत नाही. अकरा ते चौदा वयात पाळी सुरू होते. आतून लागणारी कडी, आत पाणी, झाकणाची बादली, आणि दिवसभर कुलूप नसलेला दरवाजा, या चारांपैकी एक जरी नसलं तरी मुली दुपारनंतर घरी जातात किंवा ते चार दिवस येतच नाहीत. बांधकाम झालेलं असतं, पण टाकीपासून आतपर्यंत नळ ओढलेला नसतो. किंवा किल्ली कार्यालयात असते आणि ती मागायला मुलगी लाजते. हजेरीपटात सहावीपासून मुलींच्या गैरहजेरीचा नमुना पाहिला की हे लगेच कळतं.

विज्ञानाचं साहित्य हा खर्चाचा कमी आणि निगराणीचा जास्त प्रश्न. लिटमस कागद दमट कपाटात राहिला की पावसाळ्यानंतर रंग बदलत नाही, आणि मग आठवीत आम्ल-आम्लारी फळ्यावरच शिकवलं जातं. तो घट्ट झाकणाच्या कोरड्या बाटलीत ठेवावा. संपला तर हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या करता येतात: साबणाच्या किंवा चुन्याच्या पाण्यात त्या तांबूस होतात, लिंबाच्या रसात पिवळ्याच राहतात. म्हणजे हळद आम्लारी ओळखते, आम्ल नाही. हा फरक मुलांना स्वतः सापडू द्यावा. चुन्याची निवळी ताजी लागते. उघड्या बाटलीतल्या निवळीवर पांढरी साय धरते आणि नळीने फुंकर घातली तरी ती नीट दुधाळ होत नाही.

हे सगळं मागायची जागा म्हणजे शाळा विकास आराखडा. तो तीन वर्षांचा असतो, त्यात दरवर्षीचा उपआराखडा असतो, आणि तो समितीने करायचा असतो. मुख्याध्यापकांनी एकट्याने भरून सही मागायचा नाही. आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर तो हातात हवा, नाहीतर पुढच्या वर्षाच्या तरतुदीत त्याला जागा राहत नाही. पुढच्या तीन वर्षांचा इयत्तावार अंदाजे पट, वाढीव शिक्षक, वाढीव खोल्या आणि साहित्य यांचे आकडे त्यात लागतात. शिक्षकांची गरज पहिली ते पाचवीसाठी वेगळी आणि सहावी ते आठवीसाठी वेगळी लिहायची. सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण, कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक कायद्यानेच मिळायला हवेत. तेही त्याच पानावर लिहावं. पट अंगणवाडीच्या आणि खालच्या वर्गांच्या यादीवरून काढावा, अंदाजपंचे फुगवू नये. एका वर्षी फुगवलेला आकडा पुढच्या वर्षी खोटा ठरला की खरी मागणीही बाजूला पडते.

आठवी संपली की मोफत पाठ्यपुस्तकं आणि पोषण आहार दोन्ही थांबतात, आणि शाळाही बदलते. त्यामुळे आठवी गावात जोडली गेली तर खरी उडी नववीत येते. निकाल लागल्यावर आठवडाभरात दाखले तयार ठेवावेत, ऑनलाइन नोंद पुढच्या हायस्कूलकडे गेली का ते पाहावं, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात एकदा त्या हायस्कूलला फोन करून आपल्या आठवीच्या मुलांपैकी किती तिथे हजर झाली, ते नावानिशी मोजावं.